रानबोरीखाली

फेब्रुवारीत अबुधाबीबाहेरच्या वाळूत आम्ही सहलीला गेलो होतो. डबे उघडेपर्यंत माझी सहा वर्षांची सई दिसेनाशी झाली. मी हाका मारत धावत सुटलो, तेव्हा उंट चारणारा एक म्हातारा पठाण भेटला. डोळ्यांवर हात धरून त्याने आधी उन्हाकडे पाहिलं.

"बच्चा धूप में छाँव ढूँढता है. सिद्र के नीचे देखो."

सिद्र म्हणजे तिथली काटेरी रानबोर. तो मला टेकाडामागे घेऊन गेला. सई झाडाखाली बोरं खात बसली होती.

"बाबा, ट्राय दिस!"

म्हाताऱ्याने गुडघे टेकून तिच्या तळव्यातला काटा अलगद काढला.

"डाँटना मत, साहब. सही जगह बैठी थी."

रागावायचं विसरून मी तिथंच वाळूत बसलो आणि तिने पुढे केलेलं बोर खाल्लं.