श्रीखंडाच्या डब्यातली कोलंबी

आम्ही नवराबायकोनं जोडीनं केलेलं शेवटचं काम म्हणजे कोलंबीच्या पाठीतला काळा धागा काढणं.

लोकांच्या बायका जाताना काहीतरी गोड बोलून जातात म्हणे. माझी बोलली, "ही बगा, या कोलंबीत धागा तसाच ठेवलाय. डोळे फुटले काय तुमचे?" गणपती नुकतेच गेले होते. मुरबे गावची कोळीण टोपली घेऊन दारात आली आणि पावसाळाभर सुकटीवर दिवस काढलेली आमची ही तिथंच ओट्यावर पाट टाकून बसली. कामाची वाटणी लग्नापासून ठरलेली. डोकं आणि साल काढायचं तिनं, धागा काढायचा मी. अक्कल लागते ते काम तिचं, नजर लागते ते माझं. (दोन्ही माझ्याकडे नाहीत, असं तिचं मत होतं. पण दुसरा माणूस मिळाला नव्हता.)

अर्धी कोलंबी त्या दिवशी खाल्ली. उरलेल्या अर्धीला तिनं हळदमीठ चोळलं, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात भरली आणि बर्फाच्या कप्प्यात ठेवली. म्हणाली, "रविवारी करू."

रविवार आला. ती नव्हती. शुक्रवारी छातीत कळ आली आणि बोईसरच्या दवाखान्यात पोचायच्या आधीच आटोपली. बाजाराला जाताना जरा लवकर आवर म्हणून जन्मभर ओरडलो, तेव्हा कधी ऐकलं नाही. नको तिथं घाई केली.

घर पाहुण्यांनी भरलं. कुणी तिच्या साड्या बघितल्या, कुणी पितळेची परात उचलून वजन बघितलं. न्या म्हटलं. मला एकच वस्तू पाहिजे होती, तिच्या हातची हळद लागलेली ती कोलंबी. तेरावं उरकलं की आपल्या हातानं शिजवायची आणि एकट्यानं बसून खायची, एवढंच ठरवलं होतं. मला चहासुद्धा धड येत नाही, तो भाग वेगळा. पण हे सांगायचं कुणाला? बायकोची आठवण म्हणून म्हाताऱ्यानं कोलंबी जपून ठेवलीय असं कळलं असतं, तर पाहुण्यांनी मला धरून सरळ ठाण्याच्या वेड्यांच्या इस्पितळात टाकला असता.

त्यात स्वयंपाकघराचा ताबा सुमनकडे. सुमन म्हणजे हिची धाकटी बहीण, वाणगावची. गळ्यात माळ, मासळीचं नाव काढलं तरी चूळ भरणारी. एके दिवशी फ्रीज उघडून म्हणाली, "भाऊजी, आत श्रीखंड हाय वाटतं."

"असंल."

"बरं झालं. तेराव्याला पानात वाढायला होईल."

"खराब झालंय ते."

"मग टाकून देते."

"टाकू नको."

"खराब श्रीखंड ठेवून काय करनार तुमी?"

"मला तसंच आवडतं."

तिनं माझ्याकडे बघितलं आणि फ्रीज हळूच लावला. बायको मेलेल्या माणसाला पहिले काही दिवस वेडेपणा माफ असतो. पण डब्याचं झाकण काही फार दिवस बंद राहणार नव्हतं.

दुपारी ती जपाला बसली तसा मी डबा सदऱ्याखाली पोटाशी धरला (पोट बधिर झालं) आणि मागच्या खोल्यांकडे गेलो. तिथं माझे भाडेकरू राहतात, ओडिशाकडची पोरं, कारखान्यात पाळीवर जातात. त्यांच्यातला गौरांग दारातच होता.

"ये तुम्हारे फ्रीज में रखो."

"क्या है, चाचा?"

"झिंगा."

"चाची का?"

"हां."

बस. पुढं एक शब्द बोललो असतो तर रडलो असतो, आणि भाडेकरूसमोर रडणारा घरमालक कामातून जातो. गौरांगनं दोन्ही हातांनी डबा घेतला, कपाळाला लावला. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं. जो माणूस डब्याला नमस्कार करतो, तो तो डबा नुसता ठेवणार नाही.

दुसऱ्या दिवशी पंगत बसली होती. पानात बिनफोडणीचं वरण. तेवढ्यात वास आला. आधी एका भाच्याचं नाक वर झालं, मग दुसऱ्याचं. मग सगळी पंगतच कुत्र्यागत हवा हुंगायला लागली.

"कोन शिजवतोय हो?" सुमन पदर नाकाला लावून म्हणाली.

"भाडेकरू असतील. त्यांना कुठं सुतक हाय?"

"जनाची नाय तर मनाची तरी. जा, सांगून या त्यांना."

मी तावातावानं निघालो. खोलीच्या दारात पोचलो आणि श्रीखंडाचा डबा दिसला. घासूनपुसून पालथा घातलेला.

"आओ चाचा," गौरांग म्हणाला. "हम समझ गए. आपके घर में तो अभी चलेगा नहीं, इसलिए आपने हमको दे दिया. चाची के नाम से बनाया है. पहले आप खाओ."

चूक माझी. दिलं नाही, ठेवलंय, एवढं सांगायला तोंड उघडलं नव्हतं.

ताट पुढ्यात आलं. कोलंबीत बटाटा. वर मोहरीचं तेल, बोटभर. आमच्या हिनं पाहुणे दुप्पट आले तरी कोलंबीत बटाटा घातला नाही. त्यापेक्षा बाजारात मासळीच नव्हती म्हणून थाप मारायची आणि पाहुण्यांना पिठलं वाढायची. मी एक कोलंबी उचलून चावली. त्यात तिची हळद कुठं लागते का बघितलं. दुसरी चावली. तेलच तेल.

"चाची ने कितना साफ किया था," दुसरा पोरगा म्हणाला. "एक भी धागा नहीं."

ते माझं काम होतं. पण म्हटलं, "हां, बहुत साफ करती थी."

डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पोरं म्हणाली, "मिर्ची ज्यादा हो गई." मी मान हलवली आणि पुन्हा वाढून घेतलं. संपवायची तर मीच संपवायची.

"भाऊजी."

दारात सुमन. माझ्या तोंडात कोलंबी, गिळवेना आणि थुंकवेना.

"सांगायला आला होता ना?"

"सांगतोच हाय."

घरी सभा भरली. भटजींना फोन गेला. एक लांबचा मेव्हणा म्हणाला, "बायकोची राख थंड नाय झाली आनी याला झिंगे पायजेत." कुणी त्याला गप्प केलं नाही. खरं सांगितलं असतं तर मी वेडा ठरलो असतो, नाही सांगितलं म्हणून हावरा ठरलो. हावरा बरा. हावऱ्याला निदान कुणी समजवायला येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी थंड पाण्यानं आंघोळ केली, सगळ्यांसमोर पाटावर बसलो आणि भटजींनी सांगितलेलं गोमूत्र सुमनच्या हातून पळीभर प्यालो. मग हात पुढं करून म्हटलं, "अजून एक दे."

पाहुणे एकमेकांकडे बघून समाधानानं माना हलवायला लागले. म्हाताऱ्याला पस्तावा झाला म्हणे. मी दुसरी पळी तोंडात घोळवली. बटाट्याची चव जाता जात नव्हती.