जऊळक्याच्या फलाटावरचा बर्फ

केसांच्या रंगाची बाटली उघडली की अमोनियाचा उग्र वास नाकात शिरतो, डोळ्यांत पाणी येतं आणि अब्बांचा बर्फाचा कारखाना समोर उभा राहतो.

मी लहान असताना एका उन्हाळ्यात मशीनच्या कंपनीचे म्हातारे फिटरकाका आले होते. अमोनियावर चालणारं आमचं बर्फाचं मशीन त्यांनीच बसवलेलं. कंपनी बंद पडली, हे सांगायला ते एवढ्या लांबून आले. "आता पार्ट मिळायचे नाहीत, भाई," म्हणाले आणि कॉम्प्रेसरवर तळहात ठेवून उभे राहिले.

मोसमातली बर्फाची पहिली लादी आमच्याकडून अख्खी पाणपोईला जायची. ती नेमकी त्याच दिवशी निघाली. अब्बांनी पहिल्यांदाच ती फोडली, मोठा तुकडा भुसा घालून गोणपाटात बांधला आणि जऊळक्याच्या स्टेशनावर काकांच्या हाती दिला.

"अब्बा, कायले देता? घरी जाईलोक पाणी होईन त्याचं!" मला हसू आवरेना.

"होऊ दे. त्यायच्या मशीनचा हाय, त्यायले नको?"

गाडी गेली. फलाटावर गोणपाटाचा ओला डाग उरला. मी घरी चला म्हणून हात ओढत होते. डाग पुरता वाळेपर्यंत अब्बा तिथून हलले नाहीत.