नकाशावरून पुसलेलं घर

अमळनेरच्या फलाटावर नाना माझ्याकडे बघायचं टाळत होते. लग्नाला महिना झाला होता. सुधाकर आधीच सुरतला कामावर रुजू झाले होते आणि त्या सकाळी मला एकटीनं निघायचं होतं. नानांनी ट्रंक बाकाखाली सारली, पुन्हा बाहेर ओढली, पुन्हा आत सारली. आईनं खिडकीतून ज्वारीच्या बिबड्यांचा, पापडांचा, डबा दिला आणि माझं मनगट धरून ठेवलं. गाडी हलली तशी आईनं हात सोडला. नाना गाडीबरोबर थोडं चालले आणि म्हणाले, "पोचनी का फोन करजो, पोर."

सुरतजवळ उधन्याला उतरल्यावर मी फोन केला. पोचले, म्हणून सांगितलं. पण पोचल्यासारखं मला कधी वाटलंच नाही. तुमच्यापैकी जे गावातच राहिलात त्यांना हे कदाचित खोटं वाटेल. जे माझ्यासारखे या गाडीत बसून आलात, त्यांना समजावून सांगायची गरज नाही.

आता कितीतरी वर्षं आम्ही सुरतच्या डिंडोलीत राहतो. सुधाकर पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये सुपरवायझर आहेत आणि मी लिंबायतच्या एका मराठी शाळेत शिकवते. शाळेत मी वैशालीबेन. पोरं घरी आईशी अहिराणी बोलतात, वर्गात माझ्याशी मराठी, आणि मैदानात भांडायची वेळ आली की हिंदी किंवा गुजराती. गावाकडे आमच्या गल्लीत मी कोणाची कोण हे सांगावं लागत नव्हतं. इथे भाजीवाल्यापासून बँकेपर्यंत सगळ्यांना पहिला प्रश्न पडतो, "क्यां रहेवानुं?" मी सोसायटीचं नाव सांगते, आणि ते सांगताना आपण दुसऱ्याच कोणाचा पत्ता देतोय असं वाटतं. रविवारी मला घरात बसवत नाही. धुणं वाळत घातलं की मी पायांत चपला घालते आणि निघते. कुठं, ते ठरलेलं नसतं. "तुला चैन म्हणून कशी ती नाही," सुधाकर म्हणतात. खरं आहे.

त्या नकाशाची गोष्ट अशीच सुरू झाली. आमच्या शाळेतल्या कॉम्प्युटरच्या सरांनी एकदा स्टाफरूममध्ये दाखवलं: इंटरनेटवर एक फुकटचा नकाशा आहे, तो कुठल्या कंपनीनं काढलेला नाही, लोकांनीच काढलाय. कोणीही खातं उघडायचं, आपली गल्ली, दुकान, मंदिर, नळ त्यात भरायचं. दुसरा कोणी ते दुरुस्तही करू शकतो. त्यावर स्टाफरूममध्ये चांगलीच जुंपली. सर म्हणाले, यात जाहिराती नाहीत, मोबाइलमध्ये उतरवून घेतला की नेट नसतानाही चालतो. गणिताच्या पाटीलबेन म्हणाल्या, "पण ट्रॅफिक कुठे दिसतं? आणि कोणीही काहीही लिहील, त्यावर विश्वास कसा ठेवायचा?" ज्याच्या रिक्षातून मी शाळेत जाते, त्या आमच्या रिक्षावाल्याला दाखवला तर तो म्हणाला, "बेन, आमां तो मारी गली पण छे!" आणि आपली गल्ली सापडली म्हणून खूश झाला. शाळेमागच्या पत्र्याच्या वस्तीतल्या एका बाईनं मात्र हात जोडले. "आमची घरं नका टाकू त्यात. उगाच कोणाच्या नजरेत यायचं." मी टाकली नाहीत.

मला मात्र त्या नकाशाचा नाद लागला. रविवारच्या भटकण्याला काम मिळालं. डिंडोलीच्या सोसायट्या, आतले रस्ते, दवाखाने, पिठाची गिरणी, जे दिसेल ते मी भरत गेले.

मग एके दिवशी मी नकाशावर आमचं गाव शोधलं. नदीची निळी रेघ, एक रस्ता आणि गावाचं नाव. बाकी कोरं. वरून काढलेला फोटो बराच जुना होता, पण त्यात छपरं ओळखू येत होती. मी शाळा काढली, मारुतीचा पार काढला, आमची गल्ली काढली. गल्लीच्या टोकाला आमचं दोन खोल्यांचं घर. त्याचे चार कोपरे मी फार सावकाश जोडले. आई जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती आणि नाना माझ्या भावाकडे, किशोरकडे, नाशिकला राहायला गेले होते. घराला कुलूप आहे, एवढं मला माहीत होतं.

पुढच्या आठवड्यात बघते तर घर नाही. बाकी सगळं जागच्या जागी. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. मी पुन्हा काढलं. दोन दिवसांत पुन्हा गेलं. या वेळी बदलाखाली मराठीत लिहिलेलं होतं: "इथे आता घर नाही. मोकळी जागा आहे." खाली कोणाचं तरी टोपणनाव.

मी भडकले. कोण हा माणूस? माझ्या गावातलं माझं घर पुसणारा हा कोण? मी तिथल्या तिथे लिहिलं, "हे माझं घर आहे. मी तिथे वाढले आहे." उत्तर आलं, "असेल. मी आज सकाळीच तिथून चालत गेले. फोटो पाठवू का?"

मी फोटो मागितला नाही. किशोरला फोन लावला.

"आपलं घर कुठं आहे रे?" मी विचारलं.

तो म्हणाला, "अक्का, तुला सांगणारच होतो."

मागच्या भिंतीला तडे गेले होते. शेजारी राहणाऱ्या आमच्या काकांना ट्रॅक्टर उभा करायला जागा हवी होती. नानांनी हो म्हटलं आणि दोन दिवसांत सगळं पाडून झालं. याला वर्ष होऊन गेलं होतं. वर्षभर मी दर रविवारी नानांशी बोलत होते!

"नानांना दे," मी म्हटलं.

नाना फोनवर आले. "तुले सांगाले जीभ नही वळनी, पोर," ते म्हणाले. "तू तठे एकली. रडत बसशील म्हणून..." मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. मी जेवण झालं का, असं विचारलं.

मग बरेच दिवस मी नकाशा उघडला नाही. शेवटी मीच त्या अनोळखी बाईला लिहिलं, की घर खरंच नाही, तुमचं बरोबर होतं. आणि तुम्ही कोण? तिचं लांबलचक उत्तर आलं. तिचं नाव रोहिणी. आमच्याच गल्लीतल्या एका घरात लग्न होऊन आलेली. आणि माहेर? लिंबायत. माझ्या शाळेच्या मागच्या बाजूचीच गल्ली. तिनं लिहिलं होतं, "ताई, मी पॉवरलूमच्या आवाजात वाढले. इथे दुपारी इतकं शांत होतं की मला घरात बसवत नाही. मग फोन घेऊन चालत सुटते आणि गल्ल्या काढते. सासूबाई विचारतात, सारखी कुठं जातेस. तुम्ही घर काढलं तेव्हा मला वाटलं, कोणीतरी बाहेरचं माणूस चुकीचं भरतंय."

बाहेरचं माणूस. मी ते वाक्य किती वेळ बघत राहिले.

दिवाळीच्या सुट्टीत मी एकटीच गावाला गेले. रोहिणी स्टँडवर न्यायला आली होती, काटकुळी, भरभर चालणारी. घराच्या जागेवर काकांचा ट्रॅक्टर होता आणि कडेला कोणीतरी तूर लावली होती. चूल कुठे होती, पलंग कुठे होता, मला नीट सांगता येईना. मी तिथूनच नानांना फोन केला. "काय दिखस तठे?" त्यांनी विचारलं. मी जे दिसत होतं ते सगळं सांगितलं, तुरीसकट. ते म्हणाले, "बरं झालं जाई उनी. माले नही पाहावत."

निघताना रोहिणी म्हणाली, "ताई, एक काम कराल? आमच्या लिंबायतच्या घराशेजारी नवी बिल्डिंग झालीय म्हणते आई. नकाशात भरायची आहे, पण मला इथून कसं कळणार? तेवढं बघून सांगा. आणि आईलाही भेटा."

सुरतला परतल्यावर एका दुपारी शाळा सुटली तशी मी रोहिणीच्या माहेरी गेले, शेजारची नवी बिल्डिंग बघून ठेवली. खालच्या मजल्यावर लूम धडधडत होते, वर दोन खोल्या. रोहिणीची आई साडीला लेस लावत बसली होती. मी कोण, कुठली, कशाला आले, सगळं सांगितलं. तिनं साडी बाजूला सारली.

"मनी पोर कशी शे? रमनी का तठे?"

आपली लेक तिथे रमली का, हे ती मला विचारत होती. "रमायचीय अजून," मी म्हटलं. "पण गावातली एकेक गल्ली तिला पाठ आहे."

ती हसली आणि पदराला डोळे पुसले. शेवया करून खाऊ घातल्या. मी उठले तर तिनं मला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, ब्लाउजपीस आणि खोबऱ्याची वाटी आणली. मी नको नको म्हणत राहिले. "अहो मावशी, मी इथलीच. डिंडोलीची."

"असं कसं?" ती म्हणाली. "तुम्ही त्या गावच्या लेकी. म्हणजे मनी पोरनी नणंद. पोरीच्या सासरचं माणूस पहिल्यांदा दारात आलं आणि तशीच जाऊ देऊ?"

गावात आता मला उतरायला घर नाही, हे मी मान्य केलंय. सुधाकर म्हणतात, इथेच एखादा फ्लॅट बघू. मी हो म्हणते, आणि मग कितीतरी दिवस तो विषय काढत नाही. घर म्हणजे काय, हे मला विचाराल तर अजून धड सांगता येणार नाही. पण त्या दुपारी, लूमनं हादरणाऱ्या त्या खोलीत, ओटीत खोबऱ्याची वाटी घेऊन मी आमच्या गावची म्हणून बसले होते. मला घरी न्यायला आलेला आमचा रिक्षावाला खाली हॉर्न वाजवत होता. वाजवू दे, म्हटलं. मला उठायची घाई नव्हती.