श्री नावाची फाइल

आमच्या घरात कॉम्प्युटर ज्या खोलीत आहे त्याच खोलीत कूलर आहे, आणि कूलरने त्या खोलीची एकुलती एक खिडकी अडवली आहे. नागपुरात एप्रिल ते जून याबद्दल कोणी तक्रार करत नाही, कारण तक्रार करायलासुद्धा दुसऱ्या खोलीत बसवत नाही. दुपारी दारं लोटायची, वाळ्याचा ओला वास घ्यायचा आणि ऊन उतरायची वाट बघायची. गेल्या उन्हाळ्यात त्या खोलीत आम्ही दोघी असायचो, मी आणि माझ्या सासूबाई.

सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका. मौद्याकडच्या खेड्यांत त्यांची नोकरी झाली, तिथे वीजकेंद्र यायच्या कितीतरी आधी. दिवाळीत त्यांच्या मुलाने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, त्यांना मराठी टाइप करायला शिकवलं आणि तेव्हापासून त्या रोज जेवण झालं की आठवणींचं एक पान लिहू लागल्या. त्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाला त्याचं पुस्तक छापून पाहुण्यांना द्यायचं ठरलं. कौतुक मुलाचं झालं, जाच माझ्या वाट्याला आला. अक्षर मोठं झालं की हाक, पान वर पळालं की हाक, बाण दिसत नाही म्हणून हाक. कणकेचे हात धुऊन यायचं, एक बटण दाबायचं आणि परत जायचं.

लग्नाआधी मी औषधांच्या कारखान्यात होते, प्रयोगशाळेत. मधली सगळी वर्षं घरात गेली. आता कळमेश्वरच्या एका कारखान्याने मला बोलावलं होतं, एक तारखेपासून या म्हणाले होते. बस चौकातून मिळणार होती. नवऱ्याची हरकत नव्हती. तो एवढंच म्हणाला, "जा ना तू. फक्त आईनं दुपारभर मले फोन करून फाइल कुठं गेली ते विचारू नये, एवढं पाहून घे." सासूबाईंना मात्र आम्ही काही बोललो नव्हतो. आधी त्यांचं सगळं हाताशी लावून द्यायचं, मग सांगायचं, असा बेत होता.

म्हणून मी कॉम्प्युटर आवरायला घेतला. नवशिक्यांसाठी एका बाईने केलेला व्हिडिओ बघितला. ती गोड आवाजात सांगत होती की कॉम्प्युटर म्हणजे आपलं घरच समजा, प्रत्येक वस्तूला आपापली जागा द्या. तिच्या घरात बहुधा माणसं राहत नसावीत. आमच्या पडद्यावर विजेची बिलं, लग्नपत्रिका, सुप्रभातचे गुलाब आणि नुसतं 'न्यू फोल्डर' असं नाव असलेली खोकी यांची दाटी होती. मी चार फोल्डर केले : घर, फोटो, आईंचं लिखाण आणि माझं. शेवटच्यात माझी प्रमाणपत्रं आणि कळमेश्वरचं पत्र ठेवलं. या घरात माझा असा कप्पा मला पहिल्यांदाच मिळाला होता, आणि मी तो उगीच दोन-तीनदा उघडून बघितला.

मग सासूबाईंची पानं हलवायला गेले, तर तिथे एकच फाइल. नाव : श्री. आत एकच पान, आदल्या दिवशीचं. शाळेतल्या माठावर झाकण कोणी ठेवायचं यावरून दोन शिक्षकांचं झालेलं भांडण.

कचऱ्याची पेटी पाहिली, प्रत्येक खोकं उघडून पाहिलं. बाकीची पानं कुठेच नव्हती. मग दुपारी त्या लिहायला बसल्या तेव्हा मी मागे उभी राहिले, आणि काय होत होतं ते कळलं.

सासूबाई कोऱ्या कागदावर आधी मधोमध श्री लिहितात, मगच पहिला शब्द. पडद्यावरही त्या तसंच करायच्या. कॉम्प्युटर पहिल्या ओळीलाच फाइलचं नाव समजतो. त्यामुळे रोजच्या पानाचं नाव श्री. ठेवताना तो विचारायचा की या नावाची फाइल आधीच आहे, ती काढून ही ठेवू का? आणि मुलाने शिकवून ठेवलं होतं की काही विचारलं तर घाबरायचं नाही, 'यस' दाबायचं. त्या घाबरल्या नाहीत. मागचं वाचलं की पुढचं सुचत नाही म्हणून जुनं पान त्यांनी कधी उघडलंही नाही. दिवाळीपासून रोजचं पान आदल्या दिवशीचं पान खात आलं होतं.

त्या दिवशी मी 'यस'वर जाणारा त्यांचा हात धरला आणि फाइलला दुसरं नाव दिलं. त्यांना वाटलं, मी काही नवीन शिकवते आहे.

मला राग आला. त्यांचा, नवऱ्याचा, त्या गोड आवाजाच्या बाईचा. रडूही आलं, आणि खरं सांगायचं तर ते आधी स्वतःसाठी आलं. दुरुस्तीवाल्याला फोन केला, तो म्हणाला एकावर एक लिहिलेलं परत येत नाही. नवरा म्हणाला, इतक्यात नको सांगू, मी बघतो काहीतरी. त्याला काय, तो सकाळी ऑफिसला जायचा. मी त्या खोलीत असायची. सासूबाई रोज लिहायच्या, आता पुस्तक चांगलं जाड होईल ना म्हणून विचारायच्या, आणि मी हो म्हणत रोजच्या पानाला वेगळं नाव द्यायची.

कळमेश्वरहून निरोप आला, शुक्रवारपर्यंत नक्की कळवा. त्याच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी नोकरीच्या पहिल्या दिवसाचं पान छापून मागितलं. बहिणीला वाचून दाखवायचं होतं.

"आई, ते पान नाही आहे," मी म्हणाले आणि सगळं सांगितलं.

त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शाळेत मुलांच्या सबबी अशाच ऐकत असतील. मग चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"तुले कधी समजलं?"

"मागच्या आठवड्यात."

"मंग मले लिहू काहून देत होती वं?"



दुसऱ्या दिवशी त्या कॉम्प्युटरसमोर बसल्याच नाहीत. पलंगावर भिंतीला टेकून बसल्या. मी कळमेश्वरला होकार कळवायला फोन हातात घेतला होता, बाल्कनीत जाऊन बोलावं म्हणून दाराशी गेले होते.

"माझ्यानं आता पुन्हा टाइप नाही होत," त्या म्हणाल्या. "मी सांगीन, तू लिही. दुपारची तू तशी घरीच असतेस."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यात टोमणा नव्हता. त्यांना जे दिसत आलं होतं तेच त्या बोलल्या होत्या. सांगायची वेळ हीच होती. मी फोन टेबलावर ठेवला आणि खुर्ची ओढली.

त्यांनी आधी श्री लिहायला लावलं. मग पहिला दिवस सांगितला : बैलगाडीतून उतरल्यावर चिखलात रुतलेली चप्पल, शाळेची किल्ली जवळ नसलेला शिपाई, आणि पायरीवर बसून घेतलेला पहिला पाढ्यांचा तास. त्या चांगलं सांगत होत्या, हेच वाईट होतं. वाईट सांगितलं असतं तर मला उठता आलं असतं.

पान संपलं. कॉम्प्युटरने विचारलं, या नावाची फाइल आधीच आहे, ती काढून ही ठेवू का? मी 'नो' दाबलं आणि श्रीच्या पुढे लिहिलं : एक.

तेवढ्यात फोन वाजला. कळमेश्वरचाच होता. मी तिथेच बसून, कूलरच्या घरघरीत हळूच सांगितलं की मला जमणार नाही. का, ते पलीकडून कोणी विचारलं नाही.

"कोन होतं वं?" सासूबाईंनी विचारलं.

"राँग नंबर."

"बरं," म्हणाल्या आणि पाय लांब करून आडव्या झाल्या. "उद्या दोन."