पायानं ओळखलेली माती

माझ्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. म्हणजे आहेत जागेवरच, पण त्यांना काही कळत नाही. चहाचा कप गरम आहे की निवलाय, ते मी ओठाला लागल्यावर ठरवतो. पुण्यात नऊ-दहा वर्षं फरशी कापायचं मशीन धरलं. मशीन बंद केलं तरी हातात ते चालूच राहायचं, जेवताना, बसमध्ये दांडा धरल्यावर. मग एक दिवस हातातलं ते चालणं थांबलं आणि मला बरं वाटलं. नंतर कळलं, मशीन थांबलं नव्हतं, बोटं थांबली होती.

मॅडमनी ते ओळखलं. मॅडम म्हणजे घरं आतून सजवायचं काम घेणाऱ्या. मी त्यांच्याकडे कामाला. एका बाथरूममध्ये माझ्या हातून ओळीनं तीन टाइल्स चुकीच्या कापल्या गेल्या. दुसरं कुणी असतं तर दुपारीच घरी पाठवलं असतं. त्यांनी गाडीत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, मशीन सोडा, नाहीतर उरलेलीही जातील. मी सातवीत शाळा सोडलेला माणूस. मशीन सोडून काय धरायचं, हे मी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. बाहेर येऊन गाडीत बसलो. काही वाटत नव्हतं. भीती दोन दिवसांनी आली, आणि आली ती राहिलीच.

पंधरा दिवसांनी मॅडमनी बोलावलं. एका काकूंचा नवा फ्लॅट होता. काकूंना घरात सगळं निसर्गातलं हवं होतं. बांबूचे दिवे, तागाचे पडदे, दगडाची कुंडी, आणि हॉलमधली सगळ्यात मोठी भिंत मातीची.

"तुमच्याकडं गावाला सारवतात ना रे?" मॅडम म्हणाल्या. "करशील तू?"

"जी मॅडम."

"यात मशीन नाही. ही भिंत जमली तर पुढची मातीची सगळी कामं तुझी."

नाही जमली तर काय, ते त्या बोलल्या नाहीत. मला ते माहीत होतं. मशीन बंद, तर पुणं बंद. आणि गावात आमच्या नावावर घरकुलाइतकीच जागा आहे.

"तुमच्या परभणीची काळी माती किती सुंदर असते!" त्या म्हणाल्या. "मला तोच रंग हवा."

काळी माती भिंतीला लावत नाहीत. आमच्याकडं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. उन्हाळ्यात रानात अशा भेगा पडतात की लहानपणी माझी एक चप्पल एका भेगेत गेली ती गेलीच. हे सगळं माहीत असून मी म्हणालो, "जी मॅडम, लय भारी दिसंल." जिनं दवाखान्यात नेलं तिला नाही कसं म्हणायचं? मला ते येत नव्हतं.

चुलतभावाला फोन केला. त्यानं रानातल्या मातीची दोन पोती ट्रॅव्हल्समध्ये टाकून दिली. भिंतीच्या कोपऱ्यात दोन फूट बाय दोन फुटांचा नमुना लावला. ओला होता तोवर काळाभोर, चमकत होता. मॅडमनी फोटो काढले, काकूंनी पेढा दिला. चौथ्या दिवशी त्या नमुन्यात आमचं सगळं शिवार उमटलं होतं. भेगाच भेगा. पाचव्या दिवशी एक टवका निघून काकूंच्या नव्या लाकडी फरशीवर पडला.

काकू झाडू शोधायला आत गेल्या. मॅडम खाली वाकून तो टवका बघत होत्या.

"ही माती अशीच फुटते का?"

"जी मॅडम."

"तुला माहीत होतं?"

"जी."

"मग बोलला का नाहीस रे?" त्या चिडल्या नव्हत्या, ते जास्त अवघड होतं. "वास्तुशांत तीन आठवड्यांवर आहे. तोवर भिंत नीट झाली तर ठीक. नाहीतर मी वॉलपेपर लावून मोकळी होते. मग पुढचं काही माझ्या हातात नाही."

मी गावाला गेलो.

वालूरच्या पुढं आमचं गाव. घरकुल बांधलं तेव्हा त्यातली फरशी मीच बसवली होती, सुट्टी काढून, पुण्याहून मशीन नेऊन. माय त्या फरशीवर ज्वारी निवडत बसली होती. मी चप्पल काढली, पाणी प्यालो, आणि कामाचंच बोललो.

"माय, भितीला माती कशी करायची ते शिकव."

"कोनाच्या भितीला?"

"पुन्यात. एक काकू हायत, त्यायच्या हॉलमधी."

"गरीब हायत का?"

"न्हाई. लय मोठी मान्सं हायत."

"मंग मातीची भित कामून?"

"त्यायला आवडती."

"आवडती!" मायनं सूप खाली ठेवलं. "मह्या हाताचा शेणाचा वास जायाला दहा वर्सं लागली. तू ही फरशी बसविली तव्हा म्या समद्या गल्लीला बोलवून दाखविली. अन् आता तू लोकायचे फ्लॅट सारवायलास?"

मी उजवा हात तिच्यापुढं धरला. फोनवर सांगितलं होतं, पण फोनवर तिला ते खरं वाटलं नव्हतं. तिनं एकेक बोट नखानं दाबलं.

"कळतंय का?"

"न्हाई."

"आता?"

"न्हाई."

चांगलंच दाबलं असणार, कारण नखाची खूण बराच वेळ राहिली. ती माझ्याकडं बघत होती आणि मी त्या खुणेकडं. मग ती उठली, पदर खोचला, टोपलं घेतलं.

"चल. काळी लावली असशील येड्यावानी."

"तुला कोन सांगितलं?"

"सांगावं लागतंय व्हय? काळी पिकाला. भितीला पांढरी."

गाव वसतं ती पांढरी, पिकतं ती काळी, असं आमच्याकडं म्हणतात. आमची वस्ती मात्र गावाच्या बाहेर, काळीच्या कडेला. त्यामुळं भिंतीला माती हवी की मायला गढीकडं जावं लागायचं, आणि तिथं ज्यांची घरं त्यांच्या दारात उभं राहून विचारावं लागायचं. तिथल्या बाया म्हणतील तेव्हा, म्हणतील तेवढी. आता गढीखालची मातीची घरं पाडून सगळे स्लॅब टाकायलेत. जेसीबीनं पाडलेल्या एका भिंतीचा ढीग रस्त्याच्या कडेला पडला होता. मायनं कुणाला विचारलं नाही. टोपलं भरलं आणि माझ्या डोक्यावर दिलं. ओट्यावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते.

"कशाला न्यायलीस गं?"

"पुन्याला पाठवायची हाय," माय म्हणाली आणि चालायला लागली.

म्हाताऱ्याला ती थट्टा वाटली. ते हसले. आम्ही आठ खेपा केल्या.

घरामागं आळं करून माती भिजवली, त्यात शेण आणि गव्हाचा भुसा घातला. दोन दिवस मुरू दिलं. तिसऱ्या दिवशी माय म्हणाली, "घाल हात. कशी लागती सांग."

मी दोन्ही हात घातले. डाव्याला ओलं लागलं. उजव्याची बोटं चिखलात होती की हवेत, ते बघून कळत होतं, लागून नाही. पुण्यात असतो तर भारी झाली म्हणालो असतो.

"माय, मला कळत न्हाई."

ती आळ्याच्या कडेला बसली. मला वाटलं, आता ही रडेल, आणि मला रडू येणार नाही, ते तिला दिसेल. पण ती म्हणाली, "हाताला कळंना तर पायाला इचार की. पायानं कव्हा मशीन धरलं व्हतं?"

पँट गुडघ्यावर घेऊन उतरलो. तुडवायला लागलो. शेजारून चुलती बघत होती, ती गप्प कशी बसेल?

"अगं बाई, पुन्याचा मिस्तरी चिखल तुडवायलाय! आता पोतेरं घेऊन चूल बी सारवतो का काय?"

"सारवू दे," माय म्हणाली. "तुहा पोरगा तर जेवलेलं ताट बी उचलीना."

वरचा चिखल उन्हानं कोमट, खालचा गार. टाचेखाली खडा आला, तो बोटांनी बाहेर काढला. भुशाची काडी तळव्याला बोचली. मला ते सगळं कळत होतं. लिहिताना वाटतं, तेव्हा आनंद व्हायला हवा होता. तसं काही झालं नाही. नुसतं कळत होतं. खडा. काडी. गार.

"चिटकतंय का टाचंला?"

"चिटकतंय."

"मंग तुडव."

ऊन भिंतीवरून खाली आलं. पिंढऱ्या दुखायला लागल्या.

"आता?"

"टाच मोकळी सुटायली."

"झालं मंग," माय म्हणाली. "येवढंच हाय. याच्याम्होरं मला बी काही येत न्हाई."

त्याच ढिगातून कोरड्या पांढरीची सहा पोती भरली आणि परभणीला ट्रॅव्हल्स धरली. डिकीत पोती ढकलताना क्लीनर म्हणाला, "काय सोनं हाय का?"

"माती हाय."

"पुन्यात संपली का?"

पुण्यात आल्यावर माती भिजवण्याआधी मला एक काम करायचं होतं. ते मी बसमध्ये शंभर वेळा मनात म्हणून बघितलं होतं. "मॅडम," मी म्हणालो, "काळा रंग येणार न्हाई. काळी भितीवर टिकत न्हाई."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "मग कुठला येईल?"

"वाळल्यावर भाकरीसारखा."

"भाकरीसारखा," असं म्हणत त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. एवढंच झालं. एवढ्यासाठी मी पहिल्यांदा ती भिंत घालवली होती.

जुना नमुना खरवडला, भिंतीला छिन्नीनं टोचे मारले, गच्चीत प्लास्टिक अंथरून माती, शेण, भुसा भिजवला आणि तीन दिवस तुडवलं. खालच्या मजल्यावरचे लोक वर येऊन बघून गेले. टाच सुटायला लागली तेव्हा हातानं थापलं, दोन थर, वरून पोतेऱ्यानं सारवलं. मग वाट बघणं. रोज सकाळी मायचा फोन यायचा.

"फुटली का?"

"न्हाई."

"बरं." आणि फोन बंद.

चौथा दिवस गेला. पाचवा गेला. सहाव्या दिवशी खिडकीपाशी केसासारखी एक चीर आली. मी दिवसभर तिच्यासमोर बसलो. ती वाढली नाही. ओल्या बोटानं चोळून मिटवली.

वास्तुशांतीला मॅडमनी मलाही जेवायला बोलावलं. पाहुणे येऊन भिंतीला हात लावत होते. काकूंनी माझ्या उजव्या हाताची बोटंच धरली आणि भिंतीवर टेकवली. "बघ ना, किती गार लागतं!"

"जी काकू."

मला भिंत दिसत होती, माझी बोटं तिच्यावर दिसत होती.

पानं वाढली म्हणून सगळे आत गेले. हॉलमध्ये मी एकटा राहिलो. घरात सगळ्यांसारखा मीही अनवाणीच होतो. पाय उचलला आणि भिंतीला खालच्या बाजूला टाच लावली. गार होती. भुशाची एक काडी वर राहिली होती, ती बोचली. मग दचकलो. पूजा झालेलं घर, आणि आपण भिंतीला पाय लावलाय. पटकन वाकून भिंतीला हात लावला आणि तो कपाळाला नेला.

"काय चाललंय रे?" मागं मॅडम उभ्या होत्या.

"तपासायलोय मॅडम."

"मग?"

"धरली."

त्यांनी भिंतीकडं बघितलं, मग माझ्या पायाकडं. "चल, जेवून घे," म्हणाल्या. "सोमवारी दुसरी भिंत बघायला जायचंय."

"जी मॅडम."

मी हात धुवायला गेलो. नळाला दोन तोट्या होत्या. एक सोडली, उजवी बोटं खाली धरली. पाणी गरम होतं की गार, कळलं नाही.