पहिल्या रांगेचं उत्तर

आमच्या घरात वर्तमानपत्रापेक्षा पत्रकं जास्त यायची. वडील तालुक्याला सरकारी कचेरीत कारकून होते आणि घरी आल्यावर कापूस उत्पादकांच्या सभांची पत्रकं लिहून द्यायचे. सरकारी नोकर, म्हणून खाली त्यांचं नाव कधी नसायचं. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी पाढे लिहिले आणि छापील बाजूवर वाचायला शिकले. 'जाहीर निषेध' हे शब्द मला फार लवकर आले.

कापसाची ती वर्षं वाईट होती. आमच्या जिल्ह्याचं नाव बातम्यांत येऊ लागलं होतं, आणि ते कशासाठी येतं हे शाळेतल्या पोरांनाही माहीत होतं. अशा दिवसांत कोणी मोठ्याने हसलं की माझं डोकं फिरायचं. त्यामुळे काकांवर माझा सतत राग असे. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. गावाबाहेरच्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या, गेटवर ते रोजंदारीने कारकुनी करायचे, आणि गावाला हसवणं हे त्यांचं दुसरं काम होतं.

ते हसवायचे पोळ्याला. आमच्याकडे पोळ्याच्या दिवशी सजवलेले बैल आंब्याच्या तोरणाखाली उभे करतात आणि तोरण तोडण्याआधी झडत्या होतात. झडती म्हणजे यमक जुळवून, वरच्या आवाजात, कोणाला तरी नाव न घेता मारलेला टोमणा. शेवटी सगळी गर्दी महादेवाचा गजर करते. मग ज्याला टोमणा लागला त्याने किंवा त्याच्या बाजूच्या माणसाने तशीच झडती म्हणून उत्तर द्यायचं. उत्तर आलं नाही तर तो हरला. आमच्याकडे बैल राहिले नव्हते, पण काका मित्राच्या जोडीशेजारी उभे राहायचे आणि लोक त्यांचीच झडती ऐकायला थांबायचे.

त्या साली तोरणापुढच्या खुर्चीवर जिनिंगचे मालक शेठजी बसणार होते. मांडव आणि भोंगे त्यांनीच दिले होते. आठ-दहा दिवस आधी त्यांच्या दिवाणजीने काकांना बाजूला घेऊन सांगितलं की शेठजींसोबत बाहेरचे पाहुणे येणार आहेत, झडती जरा हलकीफुलकी असू द्या, आणि पोळा झाला की तुम्हाला कायम करायचं पाहू. काका कितीतरी वर्षं त्या शब्दाची वाट पाहत होते. काकूने तर त्याच दिवशी शेजारी सांगून टाकलं.

मी काकांना म्हटलं, तुम्ही गेटवर बसता, काय चालतं ते तुम्हाला दिसतं, आता बोलला नाहीत तर तुमची जीभ विकली असं मी समजेन. त्यांना बोलायचं होतं आणि नव्हतंही, हे मला त्या वयात दिसत नव्हतं.

पोळ्याच्या आधीच्या रविवारी आम्ही सगळे मिस्त्री चाचांच्या दुकानात टीव्ही पाहायला गेलो. चाचा पंपांच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरायचे आणि टीव्ही दुरुस्त करायचे. दुरुस्त झालेला संच एक अख्खी संध्याकाळ चालवून पाहिल्याशिवाय ते गिऱ्हाइकाला देत नसत. त्यामुळे त्यांच्याकडे रोज कोणाचा तरी टीव्ही चालू असायचा. गावात लाइट नसली तरी तो बॅटरीवर चालायचा. पुरुष पुढे दुकानात आणि आम्ही बाया मधल्या दाराच्या पडद्यामागे बसायचो. त्या दिवशीचा संच मोठा आणि रंगीत होता.

सिनेमाच्या बक्षिसांचा सोहळा पुन्हा दाखवत होते. सूत्रसंचालन एका विनोदी नटाकडे होतं. चकचकीत कोट घालून तो मंचावर आला आणि पहिल्या रांगेत बसलेल्या एका नायकाकडे बोट करून म्हणाला की हे साहेब अजून कॉलेजात शिकणाऱ्या पोराचं काम करतात, यांच्या वर्गातली बाकीची पोरं आता पेन्शन घेतात. दुकान हसलं. पडद्यामागे चाची हसल्या, काकू हसली. मी दात आवळून बसले.

मग एकदम सगळे गप्प झाले. काकांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं होतं.

"थांबा. आता त्याची पाळी."

सगळे त्या नायकाच्या तोंडाकडे पाहत राहिले. तो मान मागे टाकून हसला, डोळे पुसले, टाळ्या वाजवल्या आणि केसांच्या तेलाची जाहिरात सुरू झाली.

दुकानात कल्ला झाला. उत्तर कुठे गेलं? कोणी म्हणालं की उत्तर जबर लागलं असेल म्हणून टीव्हीवाल्यांनी कापलं. कोणी म्हणालं, जाहिरातीनंतर देईल. एक जण चाचांना संच नीट लावा म्हणाला. चाचांनी खरंच उठून मागच्या तारा हलवून पाहिल्या. पण जाहिरातीनंतर दुसराच माणूस बक्षीस घेत होता. त्या नायकाला कोणी पुन्हा विचारलंही नाही. असं आणखी दोनदा झालं. विनोदी नट बोलायचा, पहिली रांग हसायची आणि आमचं दुकान वाट पाहत राहायचं.

मग तो एका नटीच्या जाडेपणावर बोलला. ती ओठ घट्ट मिटून हसली. पुढे पुरुष हसले, पण पडद्यामागे कोणीच हसलं नाही.

"तिनं काय केलं होतं त्याचं?" काकू हळूच म्हणाली. "तिले काहून मधात घेतलं?"

नंतर मंचावर बक्षिसाच्या बाहुल्या आणून देणाऱ्या मुलींवर, मग मागे वाजवणाऱ्या एका टकल्या माणसावर. दुकानातलं हसू कमी कमी होत गेलं. आमच्या पोळ्यात बैलावर आणि राबणाऱ्यावर झडती म्हणत नाहीत. हा नियम कोणी लिहून ठेवलेला नाही, पण तो मोडला की सगळ्यांना कळतं.

"देखो बाबू," चाचा काकांना म्हणाले, "पैसा लावणारे सेठ लोक बी तं बैठे है सामने. उनको एक शब्द नाही बोलला तो."

"त्यायनंच बोलावलं त्याले," काका म्हणाले. "आधी इचारून घेतलं असन, किती बोलू म्हणून."

एवढं बोलून ते थांबले. दुकानातले दोघे-तिघे त्यांच्याकडे पाहत होते. दिवाणजीचा निरोप गावात सगळ्यांना माहीत होता. काकांनी चहा खाली ठेवला आणि सोहळा संपायच्या आधीच ते उठून गेले. काकू पडद्याआडून त्यांच्या पाठीकडे पाहत राहिली.

पोळ्याच्या दिवशी मी काकूसोबत देवळाच्या ओट्यावर उभी होते. शेठजी पांढऱ्या कपड्यांत खुर्चीवर आणि बाजूला दोन पाहुणे. आधीच्या दोन-तीन झडत्या पोरांच्या होत्या, जावयावर आणि पावसावर. मग काका मित्राच्या बैलाच्या पाठीवर हात ठेवून पुढे आले. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा बारीक निघाला.

"गेट रे गेट, जिनिंगचं गेट,
आमची गाडी रांगेत, त्यायची मांगून थेट;
बैल पुसे धन्याले, कवा गेटाची भेट?"

महादेवाचा गजर असा झाला की बैल बिचकले. शेतकऱ्यांच्या गाड्या पुढच्या गेटवर दिवस दिवस उभ्या असायच्या आणि व्यापाऱ्यांचे ट्रक मागच्या गेटने आत जायचे, हे गावाला माहीत होतं. पण ते त्याच गेटवर बसणाऱ्या माणसाच्या तोंडून पहिल्यांदाच आलं होतं.

शेठजी हसले. नुसते हसले नाहीत, मान मागे टाकून हसले. टाळ्या वाजवल्या, पाहुण्यांकडे वळून काहीतरी बोलले, पाहुणेही हसले. गळ्यातला हार काढून त्यांनी तो दिवाणजीकडे दिला, काकांच्या गळ्यात घाल म्हणून. मला तेव्हा दुकानातला टीव्ही आठवला. मला वाटतं सगळ्यांनाच आठवला, कारण गर्दीत कोणीच हसलं नाही.

दिवाणजी हार घेऊन जवळ आला. काकांनी मान वाकवली असती तर दोन्ही गोष्टी साधल्या असत्या. झडतीही म्हणून झाली होती आणि शेठजी रागावलेलेही दिसत नव्हते. काकूने माझा हात धरला होता, तो तिने जोरात दाबला.

काकांनी हार हातात घेतला आणि बैलाच्या गळ्यात घातला.

"हासू नोका, शेठजी," ते म्हणाले. "पोळा हाये. उत्तर द्या."

शेठजींचं हसू तोंडावर तसंच राहिलं, फक्त ते आता कोणाकडे पाहत नव्हते. त्यांच्या बाजूचा कोणी पुढे आला नाही. तोरण तोडणारा पाटील दोरीला हात लावून उभा होता, पण उत्तर आल्याशिवाय त्यालाही ओढवेना. बैल पाय आपटू लागले. शेवटी एक गोऱ्हा उधळला, त्याच्या शिंगाने तोरण ओढलं गेलं आणि पोळा आपोआपच फुटला. धुळीत सगळे आपापले बैल आवरत पळाले. शेठजींची खुर्ची रिकामी कधी झाली ते मी पाहिलं नाही.

काकांना कोणी काढलं नाही. कापसाचा हंगाम सुरू झाला तेव्हा जिनिंगमधून त्यांना बोलावणंच आलं नाही, एवढंच. काकू काही दिवस त्यांच्याशी बोलली नाही. मग एका सकाळी तिने त्यांचा डबा भरला आणि मिस्त्री चाचांच्या दुकानात पाठवलं. काका मोटारी भरायला शिकले. पन्नाशीकडे आलेल्या माणसाने तांब्याची तार गुंडाळायला शिकणं सोपं नव्हतं. पहिले काही महिने त्यांच्या बोटांना चिंध्या असायच्या. मागचं गेट चालूच राहिलं. पण त्या हंगामात रांगेतले लोक ट्रक आत जाताना उभे राहून ती झडती म्हणायचे, आणि दिवाणजी तेवढा वेळ कचेरीतून बाहेर येत नसे, असं ऐकलं.

मी पेटलेली होते. हे सगळं पत्रकात यायला हवं, असं म्हणून मी चार पानं लिहिली आणि दुकानात नेऊन काकांना वाचून दाखवली. शेजारी कोणाचा तरी दुरुस्त केलेला टीव्ही चालू होता. पुढच्या वर्षीचा तोच सोहळा, तोच विनोदी नट. काकांनी माझं पूर्ण ऐकून घेतलं.

"चांगलं लिवलं व पोरी," ते म्हणाले. "पण पत्रक कोणी वाचलं, कोणी फेकलं, तुले दिसते काय? मले शेठजीचं तोंड दिसत होतं."

मी पानांची घडी घातली. माझ्या वडिलांची इतकी पत्रकं, नाव नसलेली, आणि त्यातल्या एकालाही कोणी उत्तर दिल्याचं मला आठवेना.

टीव्हीवर पहिल्या रांगेतला कोणीतरी मान मागे टाकून हसत होता. काका तार गुंडाळायचे थांबले आणि त्याच्या तोंडाकडे पाहू लागले. चाचाही थांबले. मीही वाट पाहिली. जाहिरात लागली तेव्हा काकांनी तारेचं टोक पुन्हा शोधलं.