दोन कळक, दोन पोती

माधवनगरच्या मुलींच्या शाळेत शालूबाई शिकवायला आल्या तेव्हा त्यांच्या गळ्यात मंगळसूत्र होतं आणि शेजारी काळ्या दोरीत पितळेची शिट्टी. गिरणी कामगारांच्या वस्तीत बाईमाणसानं शिट्टी वाजवायची म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. ही घरातसुद्धा वाजवते का, असं सासूबाईंनी आपल्या लेकाला विचारलं. नाथाजी गिरणीच्या रंगखात्यात होते. ते एवढंच म्हणाले, "घरात गरजच पडत न्हाई."

बाई मूळच्या माण भागातल्या, वडील पलटणीत. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं त्या सुमाराला त्या पुण्याहून शिकून आल्या आणि त्यांनी वीरबाला पथक काढलं. मुलांचे बालवीर असतात, तसं हे मुलींचं. गाठी मारायच्या, जखम बांधायची, आणि रोज कुणाच्या तरी उपयोगी पडायचं, पण घरी येऊन ते सांगायचं नाही. त्यामुळे झालं असं, की न सांगता रांजण भरलेला दिसला की आया घाबरायच्या. पोरीनं नक्की काहीतरी फोडलंय.

पथकातली अंजना सगळ्यांना हो म्हणायची आणि करायची काहीच नाही. बाई तिला रागावत नसत. ज्याला कबूल केलं होतंस त्याच्याकडे जा आणि जमलं नाही म्हणून त्याच्या तोंडावर सांगून ये, एवढंच म्हणायच्या. त्या फेऱ्या मारून मारून पोर हो म्हणायच्या आधी विचार करायला लागली होती.

एका रविवारी बाईंनी आजाऱ्याला उचलून न्यायला शिकवलं. बांबूच्या दोन कळकांवर दोन पोती ओवायची, झाली झोळी. शबाना सगळ्यांत हलकी, म्हणून ती आजारी. ती डोळे मिटून, हात जुळवून अगदी मन लावून पडली होती. चौघी तिला घेऊन वळल्या आणि समोरून चंद्राबाई आल्या.

चंद्राबाई अंजनाची आत्या. गिरणीवाल्यांची खानावळ चालवायच्या आणि त्याच बळावर सगळी गल्लीही. त्यांनी कळक पाहिले, वर पोर पाहिली, आणि हातातली भाजीची बुट्टी खाली टाकली. जित्या पोरी तिरडीवर घालायला शिकवतात, ही बातमी संध्याकाळपर्यंत घरोघर झाली. पुढच्या रविवारी निम्म्या मुली आल्याच नाहीत. अंजनाही नाही. शाळेचा कारभार बघणारे लालासाहेब बाईंना म्हणाले, महिनाअखेरपर्यंत आयांची समजूत पटली तर ठीक, नाहीतर पथक बंद. बाई घरोघर हिंडल्या. सगळीकडे चहा मिळाला, पोरगी मिळाली नाही.

आणि मग चंद्राबाईच खानावळीच्या मागच्या पायरीवरून घसरल्या. नडगी मोडली. पुरुष पाळीवर गेलेले. दवाखाना ओढ्यापलीकडे, आणि ओढ्याला पाणी आल्यानं गाडी उतरत नव्हती. अंजना धावत बाईंकडे गेली. बाई आल्या, त्यांच्या मागून मुली आल्या, घरातून बंदी असलेल्याही. कुणी शिट्टी वाजवली नव्हती.

बाईंनी ताकाच्या रव्या घेऊन पायाला दोन्हीकडून बांधल्या. चंद्राबाईंनी हूं की चूं केलं नाही. झोळी दिसली मात्र, आणि त्यांनी उंबरा धरला.

"जितंपणी न्हाई चढायची मी त्यावर. पाय कापला तर कापला."

बाई काही बोलायच्या आत अंजना खाली बसली.

"आत्ती, तिरडी खांद्यावर असती. आमी तुला खांद्यावर घेनारच न्हाई. हातात धरू, कमरंएवढं."

"आन पाय फुडं करून न्याल."

"डोकं फुडं करू."

"लोक टोप्या काढतील, त्याचं काय?"

"तू बोलत ऱ्हा की. बोलनाऱ्याला कोन नमस्कार करतंय?"

बाईंच्या पुस्तकात पाय पुढे असं स्पष्ट लिहिलं होतं. बाईंनी स्वतः झोळी फिरवून घेतली.

वरात निघाली. चंद्राबाई बोलत होत्या: डाळीचा भाव, भावजयीचा आळस, कुणाची उधारी. कोपऱ्यावरच्या आकाराम न्हाव्यानं सवयीनं टोपी काढलीच. "घाल ती डोक्यावर," चंद्राबाई कडाडल्या, "तुझी हजामत करून मगच जानार मी."

ओढ्यात मात्र त्या गप्प झाल्या. पाणी मुलींच्या कमरेला लागलं, पोती खालून भिजली, गाळात पाय रुतू लागले. मुलींनी झोळी छातीपर्यंत उचलली, पकड सुटायला लागली. एक कळक कलला.

"खांद्यावर घ्या," बाई म्हणाल्या.

तिघींनी खांदे पुढे केले. अंजना तशीच उभी.

"न्हाई बाई. आत्तीला कबूल केलंय."

"अगं, पडेल ती."

"मग तिला इचारू द्या." आणि रडवेल्या आवाजात, पण वळून, तिनं विचारलं, "आत्ती, मला न्हाई जमत हातानं. खांद्यावर घेऊ का?"

चंद्राबाईंनी भाचीचे हात पाहिले. कळकाच्या पेरांनी तळवे सोलवटले होते.

"घे," त्या म्हणाल्या. "मीच सांगतीया न्हवं, घे. आन समद्या तोंडानं मोठ्यानं बोला गं, मला एकटीला दम लागलाय."

आरडाओरडा करत, चौघींच्या खांद्यावरून चंद्राबाई ओढा उतरून गेल्या. दवाखान्यातला कंपाउंडर आवाज ऐकून बाहेर आला, त्याला वाटलं लग्न आहे.

पाय प्लास्टरमध्ये असताना लालासाहेब समाचाराला आले. पथकाचं काय करायचं म्हणता, त्यांनी विचारलं.

"बंद करा की," चंद्राबाई म्हणाल्या. "फकस्त फुडच्या बारीला मला कोन उचलंल, त्याचं नाव सांगून जावा."

रविवारी मैदानावर सगळ्या मुली होत्या. पुन्हा शबानाच आजारी पडली. पोती ओवून झाल्यावर मुली कळकांना हात घालणार, तोच बाईंनी थांबवलं. पुस्तकात नसलेलं एक काम त्यांनी त्या दिवसापासून कवायतीत घातलं, आणि ते अंजनाकडे दिलं.

अंजना शबानाच्या उशाशी वाकली. "कसं न्यायचं तुला?" तिनं विचारलं. "डोकं फुडं का पाय?"